ताईंच्या यंत्रातून नाहीशी झालेली कमांड

प्रति,
मा. साधन-पडताळणी अधिकारी,
बोलसाधन विभाग, साहाय्य-साधने केंद्र,
दुसरा मजला, जिन्यालगतची खोली.

अर्जदार : कचेरीच्या फाटकाबाहेर टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहून देणारा, लाभधारक ताईंचा धाकटा भाऊ.

विषय : लाभधारकाच्या बोलसाधनातील कंपायलरची कमांड संशयास्पदरीत्या नाहीशी झाल्याबाबत, तसेच संबंधितांची चौकशी होऊन ती पूर्ववत बसवून मिळण्याबाबत.

संदर्भ : १) आपण पडताळणीसाठी घरी येणार असल्याबाबतचे आपले पत्र.
२) आपल्या तंत्रज्ञांशी फोनवर झालेले बोलणे, जे त्यांनी मध्येच तोडले.

महोदय,

१. सर्वप्रथम नमूद करण्यात येते की, अर्जदार या अर्जात स्वतःचा उल्लेख 'मी' असा कोठेही करणार नाही. 'मी' म्हटले की माणूस रडू लागतो आणि अर्ज फसतो, असा अर्जदाराचा धंद्यातील अनुभव आहे. तसेच अर्जदार खाडाखोड करीत नाही. एकदा कागदावर उतरले ते उतरले. खाडाखोड केलेला अर्ज पाहिला की अधिकाऱ्याच्या मनात नको ते येते, हे आपणांस सांगावयास नकोच.

२. अर्जदाराच्या थोरल्या भगिनी (यापुढे 'ताई') यांना आजारपणानंतर बोलता येत नाही. उजवा हात कामातून गेला असून डाव्या हाताचे एक बोट तेवढे त्यांचे ऐकते. आपल्या केंद्राने त्यांना एक संगणक दिला आहे. त्यातील प्रत्येक बटणाला एकेक वाक्य नेमून दिलेले आहे. ताईंनी बटण दाबले की यंत्र ते वाक्य मोठ्याने बोलते. एकेक अक्षर टाइप करून बोलायचे म्हटले तर त्यांचे बोट लवकर दमते, म्हणून ही सोय.

सर्व वाक्ये एका साध्या फाइलमध्ये लिहिलेली असतात. वाक्य बदलायचे असेल तर आधी त्या फाइलमध्ये बदलावे लागते, आणि मग टर्मिनल नावाच्या काळ्या खिडकीत 'जीसीसी' ही तीन अक्षरी कमांड द्यावी लागते. ती दिली की कंपायलर जागा होतो आणि कच्च्या मसुद्यावरून पक्की प्रत काढावी तसा नवा प्रोग्रॅम तयार करून देतो. थोडक्यात, कंपायलर नसला तरी जुनी वाक्ये चालू राहतात. नवे वाक्य मात्र ताईंच्या तोंडी बसवता येत नाही.

३. ही वाक्ये पहिल्यापासून अर्जदार स्वतः लिहीत आला आहे. भाषा हा त्याचा धंदाच असल्याने घरात दुसऱ्या कोणाला हे काम देण्याचा प्रश्नच नव्हता. उदाहरणार्थ, ताईंना तहान लागली की यंत्र म्हणते, "पिण्याचे पाणी उपलब्ध करून देण्यात यावे, ही विनंती." पंखा जोरात असेल तर, "पंख्याची गती कमी करण्याबाबत योग्य ती कार्यवाही व्हावी." खांदा दुखत असल्यास, "उजव्या खांद्याच्या ठिकाणी वेदना जाणवत असल्याचे निदर्शनास आणून देत आहे." पाहुण्यांनी या वाक्यांचे कौतुक केलेले आहे. एका पाहुण्याने तर आपल्या जागेच्या वादातला अर्जही लगेच अर्जदाराकडून लिहून घेतला.

'प्रसाधनगृहाकडे जाण्यास साहाय्य मिळावे' या वाक्याबाबत अर्जदाराच्या पत्नीने एकदा तक्रार केली होती. वाक्य पूर्ण होईपर्यंत कधी कधी उशीर होतो, असे तिचे म्हणणे. अर्जदाराने तो बायकी कुचकटपणा समजून सोडून दिला.

४. आता मूळ घटनेकडे वळतो. आपल्या पत्रात म्हटले आहे की, पडताळणीच्या वेळी लाभधारकास तीन प्रश्न विचारले जातील आणि त्यांची उत्तरे त्यांनी स्वतः यंत्राद्वारे द्यावयाची आहेत. यंत्र नीट चालते का, देखभाल नीट होते का, आणि लाभधारकास पुढे कोठे राहावयाचे आहे. तिसऱ्या उत्तरावरून ताईंची मदतनीस आणि त्यांचे साधन कोणत्या पत्त्यावर द्यायचे ते ठरेल, असेही त्यात आहे.

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे यंत्रात आधीपासून आहेत. तिसऱ्यासाठी अर्जदाराने विचारपूर्वक पुढील मजकूर तयार केला : "सध्याच्या निवासस्थानी, म्हणजे बंधूंच्या घरी, सर्व सोयी उपलब्ध असल्याने स्थलांतराची आवश्यकता भासत नाही." मजकूर ताईंना वाचून दाखवला. त्यांनी डोळे मिटून घेतले. अर्जदाराने ती संमती समजली. मग धंद्यातून सवड मिळाली तेव्हा, पाच-सहा दिवसांनी, तो फाइलमध्ये लिहून काळी खिडकी उघडली, कमांड दिली, आणि यंत्राने उत्तर दिले, 'कमांड नॉट फाउंड'.

म्हणजे कमांड सापडत नाही. महोदय, आदल्याच आठवड्यात ती होती. अर्जदाराने तिच्याकडून 'ब्लँकेट' हा शब्द काढून 'पांघरूण' हा शब्द बसवून घेतला होता. आहे ती वस्तू आपल्या पायांनी चालत जात नाही. कोणीतरी नेल्याशिवाय ती जाईल कशी, हा साधा प्रश्न आहे.

५. अर्जदार लगेच कोणावर आळ घेणाऱ्यांपैकी नाही. प्रथम त्याने आपल्याच हातून काही चुकले का ते पाहिले. कमांड पुन्हा दिली. मोठ्या लिपीत दिली. यंत्र बंद करून चालू केले. अक्षरांमध्ये जागा सोडून दिली, मग न सोडता दिली. दर वेळी तेच उत्तर आले आणि तेही इतक्या तत्परतेने, की शोधण्याचा प्रयत्न तरी झाला असेल की नाही अशी शंका यावी. कोणत्याही कचेरीत एवढ्या लवकर 'सापडत नाही' असे उत्तर येते तेव्हा कोणी उठून पाहिलेले नसते, हे अर्जदार अनुभवाने जाणतो.

त्यानंतर आपल्या तंत्रज्ञांना फोन केला. त्यांना घरात 'चष्मेवाले' म्हणतात, कारण त्यांचा एक चष्मा नाकावर आणि दुसरा कपाळावर असतो. त्यांनी म्हटले, "पाथमध्ये आहे का बघा." पाथ म्हणजे वाट, हे अर्जदारास कळते. यंत्र मागे सफाईसाठी केंद्रात नेले होते तेव्हा परत आणताना ते वाटेत दोन ठिकाणी खाली ठेवावे लागले होते, एकदा केशकर्तनालयाच्या पायरीवर आणि एकदा लिफ्ट येईपर्यंत. अर्जदाराने दोन्ही ठिकाणी जाऊन विचारपूस केली. केशकर्तनकार म्हणाले, इथे केसांशिवाय कोणाचे काही राहत नाही. हे चष्मेवाल्यांना सांगितले तेव्हा त्यांना ठसका लागला. मग ते म्हणाले की यंत्राने कमांड कोणकोणत्या कप्प्यांत शोधायची याची जी यादी असते, तिला पाथ म्हणतात. आणि फोन तुटला. तो तुटला की तोडला, हे चौकशीत स्पष्ट व्हावे.

६. यावरून पहिला संशय चष्मेवाल्यांवर जातो. यंत्र शेवटचे केंद्रात त्यांच्याच हाती होते. शिवाय ते घरी आले की अर्जदाराशी न बोलता थेट ताईंच्या खुर्चीसमोर स्टूल ओढून बसतात आणि त्यांना 'बाई, बाई' करतात. ताई पूर्वी तांत्रिक विद्यालयात संगणकाच्या निदेशिका होत्या हे खरे. त्या काळी वर्गात त्या रागावल्या की आवाज बाहेरच्या रस्त्यावर ऐकू जाई, हेही खरे. परंतु तो काळ गेला. जे माणूस पाणी मागायलाही यंत्रावर अवलंबून आहे, त्याच्याशी तांत्रिक गप्पा मारून तंत्रज्ञास काय साधायचे असते? यात कोठेतरी पाणी मुरते आहे.

७. दुसरा संशय लेथवाल्या बाईंवर आहे. या ताईंच्या जुन्या सहकारी. त्याच विद्यालयात लेथ, म्हणजे लोखंड कातायचे यंत्र, चालवायला शिकवतात आणि विद्यालयामागच्या निवासगृहात तळमजल्यावर राहतात. सुटीच्या दिवशी त्या येतात, ताईंच्या खोलीचे दार लोटून घेतात आणि आतून हसण्याचे आवाज येतात. ताईंना आवाज नाही, तरी दोघी हसतात हे दाराबाहेरूनही कळते. अर्जदार काही कामानिमित्त आत गेला की हसणे थांबते. यंत्र मात्र त्या वेळी कधीच बोलत नाही. विनंती करण्याजोगे त्यांना काही नसावे.

गेल्या खेपेस या बाईंनी जाताना अर्जदाराच्या पत्नीला सांगितले की निवासगृहात शेजारची खोली रिकामी झाली आहे, दार रुंद आहे, चाकाची खुर्ची सहज फिरते. त्यांनी हे सहज सांगितले असे पत्नीचे म्हणणे. महोदय, दाराची रुंदी कोणी सहज सांगत नाही. ती मोजावी लागते. अर्जदाराच्या घरी ताईंची खुर्ची खोलीच्या दारातून जात नाही. त्यांना उचलून घ्यावे लागते, आणि ते काम अर्जदार आजवर स्वतः करीत आला आहे. त्यात त्याने कधी कुरकुर केलेली नाही. ताईंनीही केलेली नाही, कारण तसे वाक्य यंत्रात नाही.

बाई येऊन गेल्या आणि कमांड गेली. यावर अधिक भाष्य करण्याची गरज नाही.

८. तिसरा संशय घरातल्याच व्यक्तीवर आहे आणि तो लिहिताना अर्जदारास जड जात आहे. कमांड नाहीशी झाल्याचे कळताच घरात कोणीही हादरले पाहिजे. पत्नी भाजी निवडत होती, ती निवडतच राहिली. म्हणाली, जाईल कुठे, असेल इथेच कुठेतरी. हे वाक्य ती चष्मा, किल्ली, रेशनचे कार्ड या सर्वांबाबत वापरते, आणि शेवटी वस्तू तिनेच उचलून ठेवलेली निघते. तिला खोदून विचारले, तर तिने ताकास तूर लागू दिली नाही. उलट अर्जदारालाच म्हणाली, "तुम्ही लिहून देता ते तुमच्या गिऱ्हाइकांना चालतं. ताई काय तुमच्या गिऱ्हाईक आहेत?" या वाक्याचा प्रस्तुत प्रकरणाशी संबंध काय, हे अर्जदारास तेव्हा समजले नाही. प्रश्नाला प्रश्नाने उत्तर देणारी व्यक्ती काहीतरी लपवत असते, एवढे मात्र समजले.

९. अखेर चष्मेवाल्यांनी निरोप दिला की कंपायलर पुन्हा बसवून घ्या, अवघड काही नाही, फक्त पासवर्ड लागेल. पासवर्ड अर्जदाराने स्वतः ठेवलेला होता. तो त्याने टाकला. यंत्राने नाकारला. पुन्हा टाकला, पुन्हा नाकारला. अर्जदाराने ठेवलेला पासवर्ड अर्जदारालाच चुकीचा ठरवण्यात आला. तेव्हा हे काम अनवधानाने झालेले नसून पूर्ण जाणिवेने झालेले आहे, याबद्दल तिळमात्र शंका उरली नाही. कुलूप तोडून वरून नवे कुलूप लावून चोर निघून गेला होता.

पुरावा नष्ट होऊ नये म्हणून अर्जदाराने यंत्राच्या बटणांवर प्लॅस्टिकची पिशवी बांधली, जेणेकरून त्यावरील बोटांचे ठसे आपल्या चौकशी पथकास तपासता येतील. पिशवी संध्याकाळपर्यंत होती. त्या काळात ताईंना काहीच बोलता आले नाही, परंतु इलाज नव्हता. ताई पिशवीकडे पाहत बसल्या होत्या. नंतर पत्नीने कात्री आणून पिशवी कापली आणि पुरावा नष्ट केला. याचीही नोंद व्हावी.

तरी वरील सर्व बाबींचा विचार होऊन १) चष्मेवाले, २) लेथवाल्या बाई व ३) अर्जदाराची पत्नी यांचे स्वतंत्र जबाब घेण्यात यावेत, कमांड जप्त करून पूर्ववत बसवण्यात यावी, आणि तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर यंत्रात दाखल होईपर्यंत पडताळणी पुढे ढकलण्यात यावी.

१०. येथपर्यंतचा मजकूर लिहून झाल्यावर, सही करण्यापूर्वी, चष्मेवाले घरी आले. खाडाखोड न करण्याचा नियम असल्याने वरील मजकूर तसाच ठेवून पुढे लिहीत आहे. विषयाची ओळही तशीच राहू दिली आहे. ती आता लागू नाही, पण ती लिहिताना अर्जदारास तसेच वाटत होते.

११. चष्मेवाले नेहमीप्रमाणे ताईंसमोर स्टूल ओढून बसले. कपाळावरचा चष्मा नाकावर आला आणि नाकावरचा कपाळावर गेला. काळ्या खिडकीत त्यांनी काही ओळी टाइप केल्या. अर्जदार डोळ्यांत तेल घालून पाहत होता, कारण संशयिताला एकट्याला यंत्रापाशी सोडणे योग्य नव्हते. पत्नी दारात उभी होती. मग चष्मेवाल्यांचे हात थांबले. त्यांनी अर्जदाराकडे पाहिले नाही, ताईंकडे पाहिले. आणि विचारले, "बाई, सांगू का?"

महोदय, या घरात इतक्या दिवसांत ताईंना कोणी असे विचारलेले अर्जदाराने ऐकले नव्हते. पाणी देऊ का, खिडकी लावू का, असे विचारले जात असे. सांगू का, असे नाही. ताईंनी मान हलवली.

कमांड चोरीला गेलेली नव्हती. ती यंत्रातच होती. फक्त जिथे यंत्र तिला शोधते त्या सर्व कप्प्यांतून काढून एका नव्या कप्प्यात ठेवलेली होती, आणि तो कप्पा पाथमध्ये नव्हता. कप्प्याचे नाव होते 'माझं'. तिथून हाक मारली की कंपायलर निमूट काम करीत होता. किंबहुना तो रोज काम करीत होता. त्याच कप्प्यात वाक्यांची एक नवी फाइल होती आणि तिच्यावरून नवा प्रोग्रॅमही तयार होता. जुना प्रोग्रॅम फक्त अर्जदार घरात असताना चालवला जात होता.

१२. कमांड तिथे कोणी ठेवली, हे विचारण्याची वेळ आली नाही. चष्मेवाल्यांनी तो नवा प्रोग्रॅम चालू केला आणि ताईंनी डाव्या हाताचे बोट स्वतः बटणांवर नेले. यंत्र आजवर ज्या आवाजात विनंत्या करीत आले त्याच आवाजात बोलले, पण एकच शब्द बोलले. "नको."

अर्जदारास प्रथम वाटले की वाक्य अर्धवट राहिले. तो पुढच्या शब्दाची वाट पाहत राहिला. ताईंनी तेच बटण पुन्हा दाबले. "नको."

मग त्यांनी एकामागून एक बटणे दाबली. "पाणी." "पंखा बंद कर." "हा चहा आहे की काय आहे?" या ठिकाणी पत्नी हसली, कारण चहा तिचाच असतो, आणि हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला. चष्मेवाले खाली पाहत होते. ताईंचे बोट थांबत नव्हते. शेवटचे बटण त्यांनी अर्जदाराकडे पाहत दाबले. "धाकट्या, माझं बोलणं तू लिहू नकोस."

धाकट्या, ही हाक अर्जदाराने त्यांच्या आजारपणापासून ऐकली नव्हती. यंत्राचा आवाज सपाट आहे, त्यात राग नाही की माया नाही. तरीही अर्जदारास पाठीत धपाटा बसल्यासारखे झाले, लहानपणी पाटी चुकली की ताईंचा बसायचा तसा.

१३. सर्व खुलासा नंतर झाला. ताईंनी ते काम एका बोटाने, रोज थोडे थोडे करून, अर्जदार फाटकाबाहेरच्या टेबलापाशी बसायला गेल्यावर केले. पासवर्ड त्यांना ठाऊक होता, कारण अर्जदार तो टाइप करताना पुटपुटतो. लेथवाल्या बाईंनी फक्त हाताखाली उशी धरली. पत्नीला पहिल्या दिवसापासून माहीत होते आणि ती मूग गिळून बसली होती. चष्मेवाल्यांना कमांड सापडत नसल्याचा फोन आला तेव्हाच त्यांनी ओळखले होते. अशी कमांड हलवून ठेवण्याची खोडी ते स्वतः विद्यार्थी असताना वर्गात करीत, आणि बाई त्यांना बाकावर उभे करीत. म्हणजे तिन्ही संशयित दोषी निघाले. अर्जदाराचा संशय तसा चुकलेला नव्हता. फक्त माल कोणाचा होता, यात गल्लत झाली.

ताईंनी असे का केले, असे अर्जदाराने पत्नीस विचारले. पत्नी म्हणाली, तुम्ही तिसरं उत्तर लिहिलंत म्हणून. ताईंनी डोळे मिटले ते संमती म्हणून नव्हे. 'नको' म्हणायला त्यांच्याकडे तेव्हा दुसरे काही नव्हते.

अर्जदार आयुष्यभर लोकांच्या वतीने लिहीत आला. कोणाच्याही अर्जात त्याने 'नको' हा शब्द घातला नाही, कारण अधिकाऱ्यासमोर नको म्हणून कोणाचे भले होत नाही. 'सदर बाब स्वीकारणे शक्य होत नसल्याचे नम्रपणे कळविण्यात येते' असे लिहायचे असते. पण ताई अधिकाऱ्यासमोर बसलेल्या नव्हत्या. त्या घरात बसलेल्या होत्या, आणि अधिकाऱ्याच्या जागी अर्जदार होता. हे त्याला कोणी लिहून दिले नाही. हे त्याचे त्यालाच समजले आणि त्याचे त्याला वाईट वाटले.

१४. सबब मागील सर्व मागण्या मागे घेऊन पुढील विनंत्या सादर करीत आहे.

कमांड पूर्ववत बसवू नये. ती 'माझं' या कप्प्यात आहे तिथेच राहावी आणि तो कप्पा पाथमध्ये घालायचा की नाही हे ताईंनी ठरवावे. नवा पासवर्ड अर्जदारास सांगण्यात येऊ नये. त्याने मागितला तरी सांगू नये, आणि तो मागेल, कारण सवय लगेच जात नाही.

पडताळणी पुढे ढकलू नये. आपण ठरल्या दिवशी यावे. चष्मेवाल्यांना सोबत आणावे. पहिला प्रश्न विचारावा, दुसरा विचारावा. दुसऱ्याचे उत्तर काय येईल याची अर्जदारास धास्ती वाटते, कारण प्लॅस्टिकच्या पिशवीचा विषय त्यात निघू शकतो. तो निघाल्यास निघू द्यावा. तिसरा प्रश्न विचारताना अर्जदारास घराबाहेर पाठवावे. तो जिन्यावर बसेल. दार लावून घ्यावे. दाराला कान लावणार नाही असे लिहून द्यायला तो तयार आहे, पण त्याच्या लेखी शब्दावर फार विसंबू नये. शक्य झाल्यास पत्नीला त्याच्यासोबत जिन्यावर बसवावे.

१५. एक बाब राहिली. ताईंनी सर्व बटणे दाबून दाखवली, एक सोडून. त्या एका बटणावर त्यांनी बोट नुसते टेकवले आणि चष्मेवाल्यांकडे पाहिले. चष्मेवाले म्हणाले, ते पडताळणीच्या दिवशी. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्या बटणावर आहे. कोणते बटण, हे अर्जदाराने पाहून ठेवले आहे. पाहून ठेवणे हा त्याचा स्वभाव आहे, तो एका अर्जाने जाणार नाही.

उत्तर काय असेल याचा अर्जदारास संशय आहे. रुंद दाराची खोली आहे, शेजारी हसायला माणूस आहे, पुढे विद्यालय आहे आणि तिथे अजून मुले कमांड लपवत असतील. इकडे अर्जदाराचे घर आहे, अरुंद दार आहे आणि उचलून नेणारा भाऊ आहे, ज्याची कंबर हल्ली दुखते. ताई गेल्या तर संध्याकाळी घरी येऊन कोणाला काय वाचून दाखवायचे, हा प्रश्न अर्जदारापुढे उभा राहील. तो प्रश्न आपल्या तीन प्रश्नांत नाही आणि नसावाच.

आज दुपारी अर्जदाराने ताईंना उचलून गच्चीवर नेले होते आणि पत्नी त्यांच्यासोबत उन्हात बसली होती. यंत्र चालू होते. खोलीत दुसरे कोणी नव्हते. अर्जदार खुर्चीसमोरच्या स्टुलावर बराच वेळ बसून राहिला. बटण हाताशीच होते. दाबले असते तर कोणाला कळलेही नसते. ते अर्जदाराने दाबलेले नाही.

एवढे आपणांस कळावे. उत्तर काय आहे ते अर्जदारास इतरांबरोबरच, आणि इतरांच्या नंतर, कळेल.

आपला,
जिन्यावर बसण्यास तयार असलेला,
(सही)
अर्जदार

दिनांक : पडताळणीच्या आदल्या दिवशी

सोबत : काळ्या खिडकीचे छायाचित्र, कापलेली प्लॅस्टिकची पिशवी व तिसऱ्या उत्तराचा मसुदा जोडणार होतो. तिन्ही काढून घेतले आहेत.